पुणे ते धोम सायकलफेरी, २३ सायकली आणि त्यासाठी लिहिलेलं वेबपेज: अनुभव, आणि थोडी मदत हवी

स्पोक | ४ फेब्रुवारी २०२४

नमस्कार मंडळी. मी पुण्यात वेब डेव्हलपर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या दुकानांची चेकआउटची पानं बांधतो. रात्री जेवणं आटोपली की तास-दीड तास स्वतःचं काहीतरी लिहायचं, ही दहा वर्षांची सवय. त्यातलं बरंचसं अर्धवट पडलंय: पेठेतल्या पाण्याच्या वेळा सांगणारं पान, आईच्या पाककृतींची वही, बसथांब्यांचा नकाशा. यंदा पहिल्यांदा एक काम तडीस गेलं. ते सगळं सविस्तर लिहून ठेवतो, म्हणजे दुसऱ्या कुणाला करायचं असेल तर आमच्यासारखं चाचपडावं लागणार नाही.

सुरुवात आमच्या सोसायटीच्या जिन्याखाली झाली. तिथे लहान मुलांच्या सात सायकली उभ्या होत्या. टायर बसलेले, चेन गंजून लाल झालेली, हँडलवर कोळिष्टकं. मुलं मोठी झाली, कुणी परदेशी गेली, सायकली तिथेच राहिल्या. दिवाळीत बायकोची मामेबहीण घरी आली होती. ती धोम धरणाच्या पलीकडच्या एका शाळेत शिकवते. त्या सायकली बघून ती म्हणाली, "माझ्या पाचवी-सहावीच्या पोरी रोज तीन-चार किलोमीटर चालत येतात."

शासनाच्या मानव विकास कार्यक्रमात मुलींना सायकल मिळते, हे तुम्हाला माहीत असेल. पण ती ठरलेल्या तालुक्यांत, आणि तीही आठवी ते बारावीच्या मुलींना. पाचवी ते सातवीच्या मुली त्यात बसत नाहीत. शाळा नेमकी सुटते ती याच वयात. आधी पावसाळ्यात खाडे पडतात, मग घरचे म्हणतात, राहू दे आता.

आम्ही नऊ जण रविवारी एकत्र सायकल चालवतो. शेजारपाजारच्या सोसायट्या धरून ३१ सायकली जमल्या. दुरुस्तीचा खर्च उभा करायला २१ जानेवारीला पुणे ते धोम अशी फेरी ठरवली, किलोमीटरमागे जो तो जमेल ते देईल. पैसे एका नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात थेट जाणार. पानावर क्यूआर त्यांचाच होता. माझ्या खात्यात एक रुपयाही आला नाही, आणि हे पहिल्या दिवशी ठरवलं म्हणून पुढची डोकेदुखी टळली.

पान अगदी साधं ठेवलं. प्रत्येक सायकलला नंबर. क्र. १७ उघडलं की दिसायचं: मागचा टायर २० इंची, ट्यूब, ब्रेकची केबल दोन, ब्रेकचे गट्टू चार, पुढच्या चाकाचा आउट (डगमग) काढणे, चेन. प्रत्येक ओळीपुढे रक्कम. कुणी पैसे भरले की ती ओळ हिरवी. "गरजू मुलींना मदत करा" म्हटल्यावर लोक मान डोलावून पुढे जातात. "क्र. १७ ची चेन, २१० रुपये" म्हटल्यावर माणूस खिशात हात घालतो. आमच्या इस्त्रीवाल्या काकांनी दोन चेन घेतल्या.

प्रत्यक्ष फेरी: पहाटे साडेचारला स्वारगेट, जुना कात्रज घाट अंधारातच चढलो. खंबाटकीत ट्रक इतके हळू चालले होते की आम्ही आणि ते बराच वेळ बरोबरीने चढत होतो, क्लचच्या जळक्या वासात. सुरूर फाट्यावर वळलो तेव्हा ऊन वर आलं होतं. वाई, मेणवली, धोम, आणि मग जलाशयाच्या काठाकाठाने शाळेपर्यंत. माझ्या सायकलच्या मीटरवर १०४ किलोमीटर.

पानावर मात्र १३१ दिसत होते. हा घोळ माझा आहे. त्याबद्दल खाली लिहीनच, आधी एवढं पोस्ट करतो.

---

पाटीपुस्तक | ४ फेब्रुवारी २०२४

मी सातारा जिल्ह्यात २६ वर्षं शिकवलं. तुम्ही पाचवी ते सातवीचं जे लिहिलंय ते अगदी बरोबर आहे. चौथीपर्यंत शाळा वाडीवर असते, पाचवीला मोठ्या गावात जावं लागतं. अंतर तिथेच वाढतं आणि मुलीचं वयही तेच. शिक्षकाच्या हाती हजेरीपटावरच्या लाल फुल्या मोजण्यापलीकडे काही नसतं. मनापासून आभार.

एक सांगा, सायकली नुसत्या देऊन आलात, की नंतर दुरुस्तीचंही काही ठरवलंय? दिलेल्या सायकली वर्षभरात गोठ्याला टेकून उभ्या राहिलेल्या मी पाहिल्यात. पंक्चर काढायला सहा किलोमीटर ढकलत न्यावी लागत असेल, तर कोण नेणार?

---

रात्रपाळी | ५ फेब्रुवारी २०२४

मीही फ्रंटएंडवालाच. १३१ कसे झाले ते आधी सांग मित्रा. अंतर ब्राउझरमधूनच मोजत होतास का?

---

स्पोक | ५ फेब्रुवारी २०२४

@रात्रपाळी, हो, आणि मूळ चूक तीच. मला वाटलं, पान उघडं ठेवलं की ब्राउझर ठिकाण देत राहील आणि देणगीदारांना घरबसल्या ठिपका सरकताना दिसेल. फोनची स्क्रीन बंद झाली की पानाला ठिकाण मिळणं थांबतं, हे कळायला कात्रजच पुरे झालं. मग आमच्यातल्या एकाने स्क्रीन चालूच ठेवली. त्याचा फोन खंबाटकीच्या पायथ्याशी तापून जेमतेम १२ टक्क्यांवर आला.

खरा घोळ घाटात झाला. एका बाजूला उभा कडा असल्याने काही बिंदू शे-दोनशे मीटर इकडेतिकडे पडले. मी दोन बिंदूंमधलं अंतर हॅवरसाइनने (अक्षांश-रेखांशांवरून अंतर काढायचं सूत्र) काढून सरळ बेरीज करत होतो. सायकल उभी आणि ठिपका नाचतोय, तरी बेरीज चालूच. आम्ही टपरीवर वीस मिनिटं चहा घेत बसलो तेवढ्यात पानावर दोन किलोमीटर वाढले होते. प्रत्येक बिंदूबरोबर त्याची अचूकता मीटरमध्ये मिळते, ती मी वाचतच नव्हतो. आता ३० मीटरपेक्षा ढिला बिंदू टाकून देतो, आणि मागच्यापासून १० मीटर हलल्याशिवाय नवा बिंदू धरत नाही. तीच नोंद यातून पुन्हा काढली तर १०४.६ येतात.

कोडची चूक अर्ध्या तासात निघाली, पैशाची निघायला आठवडा लागला. सहा जणांनी त्या संध्याकाळीच १३१ ने गुणून पैसे भरले होते. त्यांचे मिळून किलोमीटरमागे १५० रुपये, म्हणजे २७ किलोमीटरचे ४,०५० रुपये जास्तीचे. ती लक्षात आल्यावर दुसऱ्याच दिवशी सहाही जणांना मी स्वतः फोन केला, मेसेज नाही. चूक काय, किती जास्त गेले, परत हवेत का, हे विचारलं. पाच जण राहू द्या म्हणाले. एका आजोबांनी ५४० रुपये परत मागितले आणि संस्थेने त्याच दिवशी पाठवले. पेन्शनमधून मोजून दिलेले पैसे आहेत, त्यांचं अगदी रास्त होतं.

@पाटीपुस्तक सर, तुमचा प्रश्न मोठा आहे, रात्री नीट लिहितो.

---

घाटातली_ताई | ५ फेब्रुवारी २०२४

छान लिहिलंय. मी ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्या) करते, २०० पासून ६०० किलोमीटरपर्यंतच्या झाल्यात. नऊ जण पहाटे साडेचारला अंधारात हायवेवर होतात म्हणून विचारते, मागचे दिवे आणि चमकणारे जॅकेट सगळ्यांकडे होते का? ब्रेव्हेत २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, पण रात्री दिवा आणि जॅकेट नसेल तर पुढे जाऊच देत नाहीत. समाजकार्याची फेरी म्हटलं की नवखी माणसं उत्साहाने येतात, त्यांना खंबाटकीतल्या ट्रकचा अंदाज नसतो. पुढच्या वर्षी पानावर नाव नोंदवतानाच ही अट घाला.

---

स्पोक | ५ फेब्रुवारी २०२४

ताई, आठ जणांकडे होतं. नवव्याला दोघांच्या मध्ये ठेवून नेलं. ते बरोबर नव्हतं. अट घालतो.

---

चार्ल्सकाठ | ६ फेब्रुवारी २०२४

बॉस्टनहून लिहितोय. इथे दर ऑगस्टमध्ये पॅन-मास चॅलेंज असते, डेना-फार्बर कॅन्सर इन्स्टिट्यूटसाठी. स्वार मॅसॅच्युसेट्स ओलांडून प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत जातात. १९८० साली बिली स्टारने सुरू केली तेव्हा ३६ जण होते आणि १०,२०० डॉलर जमले होते. मी तीन वर्षं पाण्याच्या थांब्यावर स्वयंसेवक आहे, केळी सोलून देणं आणि बाटल्या भरणं हे माझं काम.

मला त्यांचा एक नियम फार आवडतो. स्वाराने जमवलेली देणगी पूर्णच्या पूर्ण संस्थेला जाते. खाणंपिणं, टेंट, सगळा खर्च नावनोंदणीच्या फीमधून आणि प्रायोजकांकडून भागवतात. तुमचा सायकली पोचवायचा टेंपो, नाश्ता, डिझेल कुठून झालं?

---

स्पोक | ६ फेब्रुवारी २०२४

@चार्ल्सकाठ, आमच्या खिशातून. नऊ जणांनी प्रत्येकी १,२०० काढले, त्यात टेंपो आणि सगळ्यांचं जेवण झालं. देणगीतून चहासुद्धा नाही. तुम्ही सांगितलेला नियम मला माहीत नव्हता, पण आमच्यातल्या एका काकूंनी पहिल्याच बैठकीत हेच बजावलं होतं.

आता पाटीपुस्तक सरांचा प्रश्न. आम्हाला हे एका सायकलवाल्या मामांनी शिकवलं. त्यांचं दुकान पत्र्याचं आहे, चाळीस वर्षांपासूनचं. ३१ सायकली त्यांच्यापुढे ओळीने उभ्या केल्या. त्यांनी एकेकीचं मागचं चाक उचललं, फिरवलं, कान लावून ऐकलं. मग खडूने खुणा केल्या. आठ सायकलींवर फुली. त्या सुट्या भागांसाठी. आम्ही हळहळलो, कारण त्यातल्या तीन सगळ्यांत चकचकीत होत्या, गिअरच्या.

मामा म्हणाले, "तिकडं गिअरची केबल तुटली तर पोरगी काय करंल?" गिअर काढून टाकून चालवता आल्या त्या दोन ठेवल्या, बाकीच्या बाद. मग ते वॉलकडे, म्हणजे ट्यूबमध्ये हवा भरायच्या तोंडाकडे, वळले. महागड्या सायकलींच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा वॉल होता. त्याचा पंप खेड्यात कुणाकडेच नसतो. काहींना मोटरसायकलसारखा वॉल होता, तो गॅरेजवर भरता येतो, पण गॅरेज सहा किलोमीटरवर. शाळेत जो पायपंप आहे त्याची चिमटी साध्या, रबरी नळीच्या वॉललाच बसते. मामांनी चांगल्या ट्यूबा काढून सगळ्यांना साध्या वॉलच्या ट्यूबा घातल्या. चांगली ट्यूब काढून फेकायचं माझ्या जिवावर आलं होतं. आता वाटतं, सगळ्या कामात तो खर्च सर्वांत योग्य झाला. पानावर मी "वॉल" असा रकाना वाढवला तो त्याच दिवशी.

२३ सायकलींना सरासरी १,१४० रुपये लागले. शाळेला नवा पायपंप, दुरुस्तीचे पाने, ठिगळांचा डबा, सोल्यूशन, सुट्या ट्यूबा दिल्या. मामा स्वतः टेंपोत बसून आले आणि शाळेच्या पडवीत बसून सातवीच्या सहा मुलींना पंक्चर काढायला शिकवलं. पाण्याच्या घमेल्यात ट्यूब दाबायची, बुडबुडा कुठे येतो ते बघायचं, तिथे काडीने खूण. एका मुलीला दोन बुडबुडे सापडले. मामांना एकच दिसला होता. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर हाय तुझं."

---

पाटीपुस्तक | ६ फेब्रुवारी २०२४

या मामांना माझा नमस्कार सांगा.

---

हिशोबनीस | ७ फेब्रुवारी २०२४

मी सीए आहे. चार गोष्टी सांगते, कारण मार्च जवळ आलाय.

८०जीची, म्हणजे देणगीवरची आयकराची सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते. नवी निवडलेल्यांनी त्या आशेवर राहू नये. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला सवलत नाही. जुन्या सायकली दिल्या म्हणून कुणी त्यांची किंमत लावून पावती मागेल, तर तीही मिळणार नाही, वस्तुरूप देणगी यात बसत नाही. आणि आता नुसती पावती पुरत नाही. संस्था आयकर विभागाला देणगीदारांची यादी देते आणि त्यावरून फॉर्म १०बीई (देणगीचं प्रमाणपत्र) निघतो, तो ३१ मेपर्यंत द्यायचा असतो. त्यासाठी देणगीदाराचा पॅन लागतो. तुमच्या पानावर पॅन घेतलात का? घेतला असेल तर तो कुठे साठवलाय?

---

स्पोक | ७ फेब्रुवारी २०२४

ताई, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. पहिले पाच दिवस पॅन आणि फोन नंबर त्याच गूगल शीटमध्ये होते ज्यातून पान सायकलींची माहिती वाचत होतं. रकाने लपवले होते, पण शीट "लिंक असेल तो पाहू शकेल" अशी होती. लपवलेला रकाना म्हणजे नुसता पडदा, मागचं कुणालाही वाचता येतं. एका मित्राने रात्री अकराला फोन करून सांगितलं. त्याच रात्री शीट बंद केली, दोन वेगळ्या केल्या, आणि ज्यांची माहिती त्यात होती त्या १४ जणांना दुसऱ्या दिवशी कळवलं. व्यवसायाने मी हेच काम करतो, ऑफिसात अशी शीट मी कधीच चालू दिली नसती. घरचा प्रकल्प म्हणून मी हात सैल सोडला, आणि लोकांची माहिती मात्र खरीच होती. आता पॅन संस्था स्वतःच्या फॉर्मवर घेते, माझ्या पानाला तो दिसतही नाही.

---

दूरदेशी | ८ फेब्रुवारी २०२४

न्यू जर्सीतून. स्पोक माझा आतेभाऊ. मी याला पाचशे डॉलर देतो म्हटलं तर संस्थेने नकार दिला. मी आता अमेरिकन नागरिक आहे. मन खट्टू झालं, खरं सांगतो. वाईला आमचं आजोळ आहे. कृष्णेत पोहायला शिकलो.

---

हिशोबनीस | ८ फेब्रुवारी २०२४

संस्थेने योग्य केलं. तुम्ही परदेशी नागरिक म्हणजे परदेशी स्रोत. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) असलं तरीही, आणि इथे येऊन रुपयांत दिलेत तरीही. ज्या संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी घेण्याच्या कायद्याखालची नोंदणी आहे तीच घेऊ शकते, आणि तीही दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यात. भारतीय पासपोर्ट असलेला माणूस परदेशात राहून स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल, तर ते परदेशी योगदान धरत नाहीत. हा फरक पानावर ठळक लिहा, म्हणजे कुणाला नंतर नाही म्हणायची वेळ येणार नाही.

---

दूरदेशी | ९ फेब्रुवारी २०२४

समजलं. मग मी कोड बघतो, त्याला कुणाची हरकत नसावी. चढाईचा आलेखही चुकतोय रे तुझा. जो गडी सायकलनेच परत आला, त्याच्या नोंदीत परतीच्या वाटेवर खंबाटकीच्या बोगद्यात एकदम डोंगर उभा राहिलाय. तू उंची एसआरटीएमच्या नकाशावरून घेतोस. ते मोजमाप २००० साली अवकाशयानातून झालं, वरून. त्याला डोंगराचा माथा दिसतो, आतला बोगदा नाही. बोगद्याच्या दोन तोंडांची उंची घेऊन मधली सरळ रेषेने भरायला हवी. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर बोगद्याची खूण असते, तिच्यावरून शोधता येईल. शनिवारी बसतो.

---

नवीचालक | १२ फेब्रुवारी २०२४

उपक्रम उत्तम. एक सुचवतो. पानावर मुलींचे फोटो का नाहीत? नव्या सायकलवर हसणारी मुलगी दिसली की देणगी दुप्पट होईल. नावं नकोत हवं तर.

---

स्पोक | १२ फेब्रुवारी २०२४

यावर आमच्यातही दोन संध्याकाळी वाद झाला. मी आधी तुमच्याच बाजूचा होतो. मग त्या मामेबहिणीने विचारलं, "तुझ्या मुलीचा फोटो 'हिला सायकल परवडत नाही' अशा पानावर लावशील का?" मला उत्तर देता आलं नाही. खेडं लहान असतं, नाव नसलं तरी सगळे ओळखतात. ती मुलगी उद्या पुण्यात कॉलेजला येईल, तेव्हा ते पान असेलच. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. पण कायदा नसता तरी माझं उत्तर हेच असतं. पानावर सायकलचा फोटो आहे, नंबरासकट. मला तेवढा पुरेसा वाटतो.

---

पाटीपुस्तक | १२ फेब्रुवारी २०२४

+१. शाळेत गणवेश वाटप करताना फोटोसाठी मुलांना ओळीत उभं करायचे. काही मुलं दुसऱ्या दिवशी तो गणवेश घालून यायची नाहीत. मी पाहिलंय.

---

नवीचालक | १३ फेब्रुवारी २०२४

पटलं. हा विचार केला नव्हता. माझ्याकडून क्र. ९ आणि क्र. २२ चे टायर.

---

स्पोक | १६ जून २०२४

बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतोय. काल शाळा सुरू झाली.

एकूण ४८,३५० रुपये जमले होते. दुरुस्ती, पंप आणि सामान जाऊन १७,४०० संस्थेकडे शिल्लक आहेत, ते दोन वर्षांच्या टायर-ट्यूबांसाठी राखून ठेवलेत. १०बीई सगळ्यांना मेमध्ये मिळाले. दूरदेशीने बोगद्याचं काम पूर्ण केलं, खंबाटकीतला डोंगर गेला.

पानाचा दुसरा अर्धा भाग उन्हाळ्यात लिहिला. शाळेत एक जुना टॅब्लेट आहे. सायकलला काही झालं की मुली त्यावर नोंद करतात. तिथे रेंज कधी असते कधी नसते, म्हणून नोंद आधी टॅब्लेटमध्येच साठते आणि नेट आलं की वर चढते. बटणांवर शब्दांऐवजी सायकलच्याच भागांची चित्रं ठेवली होती. मुलींनी बाईंना सांगितलं, चित्रं नकोत, आम्हाला लिहिता येतं. चित्रं काढून टाकली.

पहिली नोंद काल दुपारी ३:४० ला झाली, माझ्याकडे रात्री सव्वानऊला पोचली: "क्र. १७. मागचा ब्रेक ढिला होता. मी घट्ट केला. पुढचं चाक घासतंय, आउट काढायला मामा पाहिजे."

मामा पुढच्या रविवारी येतो म्हणालेत. टेंपोत दोन माणसांची जागा आहे. आणि २० इंची टायर तीन कमी पडतायत, कुणाच्या जिन्याखाली असतील तर कळवा.

---

घाटातली_ताई | १६ जून २०२४

मी येते. दोन टायर आहेत, वॉल साधाच.